बेळगाव-खानापूर भागात पक्षी बघायला सुरुवात करताना

बेळगाव-खानापूर भागातल्या माणसाला पक्ष्यांची गोडी लागली की तो पहिल्याच रविवारी दांडेलीला निघतो. धनेश, म्हणजे मोठ्या चोचीचा हॉर्नबिल, बघायचा असतो. धनेश आहेतच बघण्यासारखे, आणि दांडेली परिसरात त्यांच्या चार जाती भेटतात. पण शिकायची जागा ती नाही. दाट जंगलात पक्षी आधी ऐकू येतो, मग कधीतरी दिसतो. पानं आड येतात, उजेड कमी असतो, नवखा माणूस दिवसभर मान वर करून हिंडतो आणि चार नावं घेऊन परततो. त्याच माणसाने येळ्ळूरच्या शिवारात किंवा आपल्या गावच्या तळ्यावर हिवाळ्यातल्या सकाळी तासभर काढला, तर वीसेक जाती उघड्यावर, निवांत बघता येतात. म्हणून सुरुवात घरापासून चालत जाता येईल अशा जागेपासून करा आणि निदान वर्षभर तीच जागा धरून ठेवा.

असं सांगण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. ९४२ जातींचा आढावा घेणारा हा अहवाल तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातले बहुतेक लोक तुमच्या-माझ्यासारखे हौशी. या नोंदींतूनच कळलं की कर्नाटकाचा राज्यपक्षी नीळकंठ, ज्याला आपल्याकडे चासही म्हणतात, तो देशभरात झपाट्याने कमी होतोय, आणि मोर मात्र वाढलेत. मोर वाढल्याचं आपल्या भुईमूग आणि रताळी लावणाऱ्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. पण नीळकंठ बेळगाव तालुक्यात किती उरलाय, निपाणीकडे किती, हे सांगायचं तर इथल्या नोंदी लागतात. चोर्ला घाटाखाली गोव्यात हिवाळाभर पक्षी बघणाऱ्यांची वर्दळ असते. घाट चढून वर आलं की ती विरळ होते, आणि जांबोटी सोडून शिवारात शिरलं की जवळपास संपतेच. तुमच्या गावच्या तळ्यावर टिटव्या किती आहेत हे लिहून ठेवणारे कदाचित तुम्हीच पहिले असाल.

कुठे काय दिसतं

आपला जिल्हा पक्ष्यांच्या दृष्टीने भाग्याचा आहे. कणकुंबी ते अथणी हे अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण तेवढ्यात घाटमाथ्यावरच्या धुवाधार पावसापासून कोरड्या जोंधळ्याच्या रानापर्यंत सगळं येतं. मलप्रभा उगवते ते कणकुंबी, जांबोटी आणि भीमगड हा पश्चिमेचा पट्टा सदाहरित जंगलाचा. भीमगडला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे धनेश, शीळ घालणारा मलबारी कस्तूर, भृंगराज, सर्पगरुड आहेत. पण गवे आणि अस्वलंही आहेत, आणि या भागात अस्वलाने माणसावर हल्ला केल्याच्या घटना घडतात. वन खात्याच्या परवानगीशिवाय आणि वाट माहीत असलेल्या माणसाशिवाय पहाटे तिकडे जाऊ नका.

मधला पट्टा भाताचा. बेळगावच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, येळ्ळूर, माजगावचं शिवार आणि पश्चिमेला उचगाव, सुळग्याकडचा भाग. भाताची सुगी झाल्यावर इथे मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. या शेतांत गायबगळे, वंचक, शराटी, शेकाटे, धोबी, मुनिया, गप्पीदास, तारेवर बसलेला कोतवाल आणि खांबावरची कापशी अगदी रस्त्यावरून दिसतात. नवशिक्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडे जमीन कोरडी होत जाते. तिथे जोंधळ्यावर उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे, माळावरचे चंडोल, चोचीपाशी पिवळी कातडी लोंबणारी माळटिटवी.

पाण्यासाठी मार्कंडेयावरचं राकसकोप, घटप्रभेवरचं हिडकल आणि गोकाक तालुक्यात धुपदाळचा बंधारा. धुपदाळच्या परिसराला १९७४ मध्ये घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. हिवाळ्यात स्थलांतर करून येणारे कांड्या करकोचे ही त्याची जुनी ओळख. मोठ्या धरणावर जाताना मात्र लक्षात ठेवा, पाणी दूरवर असतं आणि बदकं त्याच्याही पलीकडे. साध्या दुर्बिणीतून ठिपकेच दिसतात. गावतळं बरं.

दुर्बीण आधी, कॅमेरा नंतर

८ × ४२ आकड्याची दुर्बीण घ्या. पहिला आकडा म्हणजे आठपट मोठं दिसणार, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० × ५० जास्त मोठं दाखवते, पण जड असते, हात थरथरतो आणि उडणारा पक्षी तिच्यात सापडत नाही. दहा हजारांच्या आत कामापुरती चांगली दुर्बीण मिळते. यात्रेत किंवा फुटपाथवर मिळणारी लाल काचेची घेऊ नका.

दुर्बीण आली की पहिल्या दिवशी पक्ष्यामागे धावू नका. अंगणात बसून समोरच्या नारळाच्या झावळीवर सराव करा. नजर झावळीवरून हलवायची नाही, मान खाली घालायची नाही, दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. हे जमलं की अर्धं काम झालं. उजव्या भिंगाची वेगळी चकती असते, ती एकदाच आपल्या डोळ्यांप्रमाणे लावून घ्यायची: आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा, मग डावा डोळा मिटून उजव्याने बघत ही चकती फिरवा, चित्र स्पष्ट झालं की तिथेच ठेवा.

मोठा कॅमेरा पहिल्या वर्षी नको, असं माझं ठाम मत आहे. कॅमेरा हातात असला की माणूस फोटोच्या मागे लागतो, पक्षी काय करतोय ते बघायचं राहून जातं, आणि जवळ जाण्याच्या नादात पक्षी उडवला जातो. खिशात मावेल अशी वही आणि शिसपेन्सिल मात्र लागतेच. धुक्यात, दवात शाईचं पेन फुटतं.

ओळखायचं कसं

रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात तपकिरी पक्षी सोनेरी दिसतो आणि ढगाळ हवेत हिरवा पोपटही काळपट वाटतो. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच कशी, पाय केवढे, शेपटी हलवतो का, जमिनीवर चालतो की उड्या मारतो, कुठे बसलाय. धोबी चालतो आणि शेपटी सारखी वरखाली करतो. चिमणी उड्या मारते. एवढ्यावरून कधीकधी रंग न बघताही नाव सांगता येतं.

भातातल्या पांढऱ्या पक्ष्यांवर पहिला महिना घालवा. सगळे बगळेच, असं म्हणून माणूस पुढे जातो, पण त्यात निदान तीन वेगळे पक्षी असतात. नांगरामागून, ट्रॅक्टरमागून किंवा म्हशीच्या पायाशी किडे टिपत चालणारा, आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, विणीच्या काळात त्याचं डोकं आणि मान केशरी होते. चोच काळी, पाय काळे, पण पाऊल मात्र पिवळं, तो छोटा बगळा. त्याचं पाऊल चिखलात असेल तर दिसत नाही, उडेपर्यंत थांबावं लागतं. आणि सगळ्यांत उंच, एकटा उभा, मानेला बाक असलेला तो मोठा बगळा. त्याच्या तोंडाची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली असते. त्यांच्याच शेजारी बांधावर मातीच्या रंगाचा एक पक्षी मान आखडून बसलेला असतो. तो वंचक, आपल्याकडे काहीजण ढोकरी म्हणतात. बसलेला असतो तेव्हा ढेकूळ आणि तो यात फरक करता येत नाही. उडाला की पंख एकदम पांढरेशुभ्र, आणि नवखा माणूस म्हणतो, अरे, बगळा कुठून आला!

विजेच्या खांबावर कबुतराहून थोडी मोठी, राखी-पांढरी, खांद्यावर काळा डाग आणि लाल डोळे असलेली शिकारी दिसली तर ती कापशी. शेतावर हवेत एका जागी पंख फडफडवत उभी राहते आणि मग उंदरावर पडते. तिला शिक्रा समजू नका. शिक्रा झाडाच्या आडून येतो आणि त्याच्या छातीवर आडव्या बारीक रेघा असतात.

मर्लिन नावाचं मोफत ॲप मोबाईलवर घ्या. आपल्या भागाचा पक्ष्यांचा संच घरी वायफायवर उतरवून ठेवला की ते नेटशिवाय चालतं. जांबोटीच्या पुढे रेंज जाते तेव्हा हेच कामाला येतं. आवाजावरूनही ते नाव सुचवतं. सुचवतं एवढंच. ॲपने नाव दाखवलं आणि पक्षी दिसला नाही, आवाजही तुम्हाला ओळखीचा नाही, तर तो वहीत लिहायचा नाही. पावशाचा ‘पेरते व्हा’ हा आवाज तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात, तिथे ॲपची गरजच नाही, बेलाशक लिहा.

नाव कळेना तर वर्णन लिहा. ‘माहीत नाही’ असं लिहिण्यात काही कमीपणा नाही. अंदाजाने लिहिलेलं चुकीचं नाव मात्र पुढे वर्षानुवर्षं त्रास देतं.

बांधावरची माणसं

हा भाग बाकीच्या मार्गदर्शकांत नसतो, पण आपल्याकडे तो फार महत्त्वाचा आहे. रिंगरोड, बायपास यांच्या भूसंपादनामुळे बेळगाव तालुक्यातला शेतकरी आधीच धास्तावलेला आहे. हातात वही, गळ्यात दुर्बीण, मोबाईल धरून उभा असलेला अनोळखी माणूस आपल्या बांधावर दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो. सर्व्हे करायला आला काय? त्यामुळे दुर्बीण काढण्याआधी माणसाशी बोला.

“मामा, नमस्कार. पक्षी बघायला आलोय. बांधावरून जाऊ काय?”

“कुठलं ओ तुम्ही?”

“वडगावचा. तळ्याकडं बदकं आल्यात म्हणून ऐकलो.”

“बदकं काय, ह्या बाजूला या की. काल संध्याकाळी मोठी पांढरी उतरलेली.”

एवढ्यावर काम होतं, आणि बहुतेक वेळा तुम्हाला न विचारता अशी माहिती मिळते जी कुठल्या पुस्तकात नाही. भात कापताना कोणता पक्षी कुठे अंडी घालतो, हे कापणीला जाणाऱ्या बायकांना सगळ्यांत आधी माहीत असतं. मावशींना विचारा. कानडी बोलणारे शेजारी असतील तर दोन-चार नावं शिकून घ्या: नविलू म्हणजे मोर, गुब्बी म्हणजे चिमणी, कोक्करे म्हणजे बगळे-करकोचे, गूबे म्हणजे घुबड. अथणी-गोकाककडे याचा फार उपयोग होतो.

पेरलेल्या वाफ्यात पाय टाकायचा नाही. बांधाचा पाट मोडायचा नाही. कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. मळणी चालू असेल तर थांबून हातभार लावा, तुम्हाला पुढच्या वेळी कुणी हटकणार नाही. उसाच्या फडाच्या कडेने सकाळी एकटे जाऊ नका, रानडुक्कर असतं.

वहीत काय लिहायचं

वहीत नुसती नावं लिहून भागत नाही. तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, किती चाललात, हवा कशी होती आणि प्रत्येक पक्षी किती दिसले, हे हवं. तारखेखाली लिहायचा नमुना असा:

‘येळ्ळूर शिवार. सकाळी ६.५५ ते ७.४०. चालत सव्वा किलोमीटर. आधी धुकं, मग ऊन. गायबगळा ३४. वंचक ६. टिटवी ४. धोबी ७. कापशी १, खांबावर उंदीर खाताना. कोतवाल ५. साळुंकी २०. मुनिया थवा, अंदाजे ६०. नीळकंठ नाही.’

शेवटचा शब्द मुद्दाम लिहिलाय. नीळकंठ जिथे पूर्वी दिसायचा तिथे आज दिसला नाही, ही सुद्धा नोंदच. फक्त दुर्मीळ पक्षी लिहायचा आणि कावळे-साळुंक्या सोडून द्यायच्या, ही सवय लागली की तुमच्या वहीचा उपयोग निम्मा होतो. चिमण्या कमी झाल्या असं सगळे म्हणतात, पण वीस वर्षांपूर्वी आपल्या गल्लीत किती होत्या हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही, म्हणून वाद फक्त आठवणींवर चालतो.

मोठा थवा आला तर घाबरू नका. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी नीट मोजा. दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा. मग तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा: दहा, वीस, तीस. भोरड्यांचा थवा सतत वळत असतो, त्यामुळे पहिल्यांदा चुकेल. दोघं असाल तर वेगवेगळे मोजा आणि मग आकडे जुळवा. अंदाज ६० आला आणि खरे ७५ असले तरी चालतं. ‘खूप’ असं लिहिलेलं मात्र नंतर कुणालाच वापरता येत नाही.

नोंद पाठवायची कशी

वही घरातच राहिली तर तिचा उपयोग तुम्हालाच. ई-बर्ड हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मोफत व्यासपीठ आहे, आणि भारतात बर्ड काउंट इंडिया हा गट त्यासाठी पक्षीनिरीक्षकांना मदत करतो. वर सांगितलेल्या अहवालातल्या नोंदी याच व्यासपीठावरच्या.

मोबाईलवर ॲप घ्या, खातं उघडा. शिवारात पोचल्यावर नवी यादी सुरू करा. वेळ आणि चाललेलं अंतर ते स्वतः मोजतं. एका जागी बसून बघितलं तर ‘स्थिर’, चालत बघितलं तर ‘प्रवास’ असा प्रकार निवडायचा. मोटारसायकलवरून जाता जाता दिसलेला एखादा पक्षी वेगळ्या, ‘सहज दिसलेला’ प्रकारात टाकायचा. पक्षी दिसेल तसा आकडा भरत जा. शेवटी ॲप विचारतं की तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का. कावळ्यापासून कापशीपर्यंत, आवाजाने ओळखलेल्यांसह सगळे लिहिले असतील तरच हो म्हणा. अशी पूर्ण यादी अभ्यासकांना सर्वांत उपयोगी, कारण तिच्यातूनच काय नव्हतं तेही कळतं.

सीमेवर राहणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. बाचीहून चालत चालत तुम्ही शिनोळीत शिरलात तर तालुका, जिल्हा आणि राज्य तिन्ही बदलले. पक्ष्याला त्याचं काही नाही, पण नोंद जिल्ह्यानुसार साठवली जाते. म्हणून शिनोळीच्या आधी यादी बंद करा आणि पलीकडे नवी सुरू करा. नकाशावरची खूण घरी येऊन आठवणीने लावू नका, जिथे पक्षी बघितला तिथेच लावा. एका यादीत सात-आठ किलोमीटरपेक्षा जास्त चालणं नको. त्याऐवजी दोन-तीन छोट्या याद्या करा. गावाच्या नावापुढे तालुका लिहा. हलगा बेळगाव तालुक्यातही आहे आणि खानापूर तालुक्यातही, आणि दोन्हींचे पक्षी सारखे नाहीत.

नेहमी न दिसणारा पक्षी किंवा फार मोठा आकडा टाकला की तपासणाऱ्या स्वयंसेवकाकडून विचारणा येऊ शकते. तिचा राग मानू नका. फोटो असेल तर लावा, नसेल तर काय दिसलं ते लिहा: चोच कशी होती, किती लांबून बघितलं, शेजारी दुसरा कोणता पक्षी होता. खात्री नसेल तर नोंद काढून टाका.

फेब्रुवारीत शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस जगभर एकाच वेळी पक्षीगणना होते, २०१३ पासून भारतही तिच्यात आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी बघून यादी पाठवायची, एवढंच. आपल्याकडे त्या सुमारास हरभरा-मसुराचं रान असतं, हवा कोरडी असते आणि पाहुणे पक्षी अजून गेलेले नसतात. शाळेच्या मुलांना घेऊन जायला याहून सोयीचा काळ नाही. एका गावच्या चार शाळांनी चार बाजूंनी याद्या केल्या तर त्या गावाचं असं चित्र उभं राहतं जे सध्या कुणाकडेच नाही.

काय सांगायचं नाही

व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा मोह सगळ्यांना होतो. पक्षी, साधारण परिसर, तारीख, एवढं टाका. मोबाईलचं थेट ठिकाण टाकू नका. आणि घरट्याचं तर कधीच नाही, कितीही ओळखीचा गट असो. गटातला फोटो तासाभरात दहा गटांत जातो.

धनेशाचं उदाहरण घ्या. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. दोन-तीन महिने ती आतच असते, अंडी घालते, पिसं टाकते, त्या काळात ती उडूही शकत नाही. नर उंबर, वड यांची फळं आणून त्या फटीतून एकेक भरवतो. रोज कितीतरी खेपा. आता त्या झाडाखाली कॅमेरे घेऊन माणसं बसली तर नर दुरूनच परत जातो, आणि त्याचा घास चुकतो तो आतल्या मादीचा आणि पिल्लांचा. नराचं काही बरंवाईट झालं तर आतलं सगळं कुटुंब जातं. खानापूर तालुक्यात गावाजवळच्या जुन्या झाडांवरही राखी धनेश घरटी करतात. असं झाड तुम्हाला माहीत असेल तर त्या झाडाच्या मालकाला सांगा की हे झाड तोडू नका, बाकी कुणाला सांगू नका.

टिटवीचं वेगळं. ती उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की तुम्ही अंड्यांजवळ आलात. अंडी शोधत बसू नका, ती तुमच्याच पायाखाली येतील. आल्या वाटेने, पाय बघून मागे फिरा.

घुबडं आणि पिंगळे कुठे राहतात हेही सांगायचं नाही, दिवाळीच्या आसपास तर अजिबातच नाही. अमावस्येच्या अघोरी पूजेसाठी घुबडं पकडणारे लोक आहेत, आणि त्यांच्याकडेही मोबाईल आहेत. दसऱ्याला चासाचं दर्शन शुभ मानतात, ते आकाशात किंवा तारेवर बसलेल्या चासाचं घ्यावं. पकडून आणून दाखवणाऱ्याला पैसे देऊ नयेत. ई-बर्ड मोजक्या संवेदनशील जातींचं ठिकाण स्वतःहून झाकून ठेवतं, पण सगळ्यांचं नाही. विणीच्या काळातली नोंद काही महिने थांबवून, घरटं रिकामं झाल्यावर टाकली तरी तिचं मोल कमी होत नाही.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवायचं नाही. त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत आला, आणि तो चारा सोडून भांडायला येतो.

सापळे, पिंजरे आणि जखमी पक्षी

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले रानातले पक्षी मारणं, पकडणं, पाळणं गुन्हा आहे. आपल्या घरोघरी पिंजऱ्यात असलेला ‘मिठू’ही त्यात येतो. शेजाऱ्याशी भांडू नका, पण नवा पोपट विकत घेऊ नका आणि घेणाऱ्याला समजावून सांगा. शिवारात फासे, गलोलीने मारलेले पक्षी किंवा जाळं दिसलं तर स्वतः पुढे होऊ नका. जागा लक्षात ठेवून वन खात्याला कळवा. कर्नाटकात वन खात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे, आणि हाच क्रमांक पलीकडे महाराष्ट्रातही चालतो.

पतंगाच्या मांज्यात अडकलेली किंवा तारेला धडकलेली घार सापडली तर तिच्या डोळ्यांवर सुती कापड टाका, हवा जाईल अशा खोक्यात अंधारात ठेवा, पाणी तोंडात ओतू नका, खायला देऊ नका, आणि फोन करा. मांजा पंखात रुतलेला असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत सांगा.

पिल्लू जमिनीवर पडलेलं दिसलं की लोक लगेच घरी आणतात. पिसं फुटलेली असतील तर ते बहुतेक उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. कुत्रं-मांजर हाकलून त्याला जवळच्या झुडपावर ठेवा आणि लांब जाऊन अर्धा तास बघा. आई चारा घेऊन आली तर तुमचं काम झालं, वहीत लिहा आणि पुढे चला.